गूढकथेचा अखेरचा हप्ता

भय आणि कुतूहल यांचा एकाच क्षणी उद्भव व्हावा, आणि त्याला निमित्त एखादा कापडी ससा व्हावा, ही किमया ज्या चित्रकथेला पहिल्याच प्रकरणात साधली, तिच्या अखेरीविषयी तिच्याच निस्सीम चाहत्यांनी हळहळ व्यक्त करावी, हा प्रकार वाङ्मयाच्या जिज्ञासूने जरा थांबून न्याहाळण्याजोगा आहे. काइउ शिराई यांनी लिहिलेली आणि पोसुका देमिझु यांनी रेखाटलेली ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ ही जपानी मांगा १ ऑगस्ट २०१६ रोजी ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध होऊ लागली आणि १५ जून २०२० रोजी १८१व्या प्रकरणाने तिची समाप्ती झाली. पुस्तकरूपाने तिचे २० खंड भरले. वाचक नाहीत म्हणून गुंडाळलेली ही कथा नव्हे. ती भरभराटीत असताना संपली, आणि तरीही संपता संपता उणी पडली. म्हणूनच तिचा दाखला मला अधिक बोधक वाटतो.

कथेचा आरंभ ग्रेस फील्ड नावाच्या अनाथाश्रमात होतो. हिरवेगार माळ, स्वच्छ पांढरे कपडे, पोटभर जेवण, आणि जिला सारी मुले ‘ममा’ म्हणतात त्या इझाबेलेची अखंड माया, असे हे ३८ मुलांचे घर. वैगुण्य म्हणावे तर इतकेच, की प्रत्येक मुलाच्या मानेवर पाच आकडी क्रमांक आहे, रोज एक अवघड परीक्षा द्यावी लागते, आणि फाटकाकडे फिरकण्यास सक्त मनाई आहे. सहा वर्षांची कॉनी एका रात्री दत्तक जाते. तिचा जिवापाड जपलेला ससा मागे विसरून राहतो, आणि तो तिला पोचता करावा एवढ्याच प्रेमळ हेतूने एम्मा आणि नॉर्मन ही अकरा वर्षांची दोन मुले मनाई मोडून फाटकाशी जातात. तेथे उभ्या असलेल्या मालमोटारीत कॉनी असते, पण तिच्या छातीत एक फूल रोवलेले असते आणि डोळे उघडे असूनही त्यांत दृष्टी नसते. पाठोपाठ जे येतात ते मनुष्य नव्हेत. आश्रम म्हणजे राक्षसांच्या मेजवानीसाठी मुले पोसण्याचे कुरण आहे, परीक्षा घेतल्या जातात त्या मेंदू अधिक पुष्ट व्हावा म्हणून, आणि ‘ममा’ ही त्या कुरणाची राखणदारीण आहे, हे त्या एका रात्रीत उलगडते. मुले निसटतात खरी. ससा मात्र तेथेच राहतो आणि इझाबेलेच्या हाती लागतो. कोणीतरी पाहिले आहे एवढे तिला कळते. कोणी, ते कळत नाही.

येथून पुढची छत्तीस प्रकरणे, म्हणजे आश्रमातून पलायन होईपर्यंतचा सारा भाग, रहस्यरचनेचा वस्तुपाठ म्हणून कोणाही होतकरू लेखकाने अभ्यासावा. एक घर, एक भिंत, आधीच ठरलेली एक मुदत, आणि समोर मुलांइतकीच किंबहुना त्यांहून हुशार अशी एक बाई. मुलांत फितूर कोण, कानात दडवलेले माग काढण्याचे यंत्र निकामी कसे करायचे, तान्ह्या लेकरांचे काय करायचे, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात, परंतु प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीच्या आतच असते, आणि जी वस्तू एकदा वाचकाला दाखवली ती पुढे वापरली जाते. या भागात उधारी फार नाही. जी आहे ती वेळेवर फिटते.

गूढकथेत लेखकाने निर्माण केलेला प्रत्येक अनुत्तरित प्रश्न म्हणजे त्याने वाचकाला लिहून दिलेली मुदती हुंडी होय. तिच्या बळावर तो वाचकाचा विश्वास, त्याची रात्रीची झोप, त्याचे आठवडे उचलतो. आणि मुदत भरताच ती वटवणे त्याच्यावर बंधनकारक असते. भूतकथेची हुंडी तर साध्या हेरकथेहून जड, कारण हेरकथेत निसर्गाचे नियम वाचकाला आधीच ठाऊक असतात, पण अद्भुताचे नियम लेखकानेच घालून द्यावयाचे असतात, आणि ते अखेरच्या क्षणी, गरज पडली म्हणून, फर्मानासारखे काढून चालत नाही. ‘नेव्हरलँड’ची मुले भिंत ओलांडून बाहेर पडली आणि या हुंड्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली. एक हजार वर्षांपूर्वी मानव आणि राक्षस यांच्यात झालेला करार, त्या कराराची राखण करणारे रात्री घराणे, पुस्तकांत मोर्स लिपीत संदेश दडवणारा विल्यम मिनर्व्हा, गोल्डी पाँड नावाचे शिकारीचे रान, लॅम्डा नावाची प्रयोगशाळा, काळ आणि दिशा जेथे विरघळतात त्या सात भिंती, राक्षसांची राणी, आणि या सर्वांच्या वर बसलेली एक अगम्य देवता: यांतील प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे वाचली तर मनोवेधक आहे, पण प्रत्येकीची मुदत एकाच सुमारास भरते.

अखेरीस काय घडते? मूळ कराराऐवजी नवा करार होतो. त्याचे मोल म्हणून एम्माच्या स्मृतीतून तिचे सारे आप्त पुसले जातात. मुले मानवी जगात पोचतात, जेथे युद्धे संपून देशांच्या सीमा मिटल्या आहेत आणि त्यांना सामावून घेण्यास कोणाची फारशी हरकत नाही. एम्मा एका एकाकी वृद्धाच्या घरी वाढते. आणि सुमारे दोन वर्षांच्या शोधानंतर तिची माणसे तिला गाठतात. कल्पना म्हणून हा शेवट थोर आहे, असे माझे मत आहे. ज्या मुलीने आपले कुटुंब वाचवण्यासाठी सर्वस्व पणाला लावले तिच्याकडून नेमके ते कुटुंबच मागून घ्यावे, यात शोकांतिकेचे सारे बीज आहे. परंतु बीज आणि वृक्ष यांत ऋतूंचे अंतर असते, आणि ते अंतर येथे वाचकाला चालू दिलेले नाही. मानवी जगाची सारी कैफियत काही पानांत उरकली जाते, आणि वियोगाचे दुःख मनात मुरण्याआधीच पुनर्भेटीचे अश्रू येतात.

या उणिवेवर नेमके बोट ठेवले ते जामुलला राहणाऱ्या माझ्या भाच्याने. दुर्ग जिल्ह्यातले जामुल हे गाव भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या उत्तरेस वसले आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली, आणि त्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीचा उपयोग करणारा सिमेंटचा कारखाना १९६५ मध्ये जामुलला उभा राहिला. तेव्हापासून या गावाचे जीवन पाळ्यांच्या भोंग्यांशी जोडले गेले. १९५६ पर्यंत या मुलुखाची राजधानी नागपूर होती, त्याही आधी येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे कारखान्यांच्या नोकऱ्यांनी नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी घरे मुंबई-हावडा लोहमार्गाने येथे आणली. त्यामुळे दुर्ग-भिलाईच्या परिसरात मराठी हा घराच्या उंबऱ्याआतला व्यवहार आहे आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-छत्तीसगढीचे राज्य आहे. अशा घरांतील मुले आज टोकियोच्या वाचकाबरोबर एकाच घटकेला मांगा वाचतात, ही गोष्ट वडील पिढीच्या सहसा ध्यानात येत नाही. शुएइशा या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१९ मध्ये ‘मांगा प्लस’ ही सेवा सुरू केली, आणि जपानात सोमवार उजाडण्याच्या ठोक्याला, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला, नवे प्रकरण भ्रमणध्वनीवर इंग्रजीत उपलब्ध होऊ लागले. १४ जून २०२० च्या रविवारी, शाळा बंद होत्या त्या दिवसांत, जामुलला माझ्या भाच्याने ‘नेव्हरलँड’चे शेवटचे प्रकरण वाचले, आणि जेवताना त्याने विचारलेला प्रश्न कोणा व्यासंगी समीक्षकाच्या लेखातही मला याहून नेमका आढळला नाही. तो म्हणाला, “मामा, मधले दोन वर्षं कुठं गेले?”

ती दोन वर्षे कोठे जातात हे समजण्यासाठी ज्या व्यवस्थेत अशी कथा जन्मते त्या व्यवस्थेचे दफ्तर उघडावे लागते. ‘शोनेन जंप’ची स्थापना १९६८ सालची, १९९४ च्या अखेरीस तिच्या एका अंकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. प्रत्येक अंकात वाचकांसाठी एक पत्र जोडलेले असते. त्यावर वाचकाने आपल्याला सर्वांत आवडलेल्या तीन कथा कळवायच्या, आणि त्या कौलावर कथेचे आयुष्य ठरायचे. कौल सतत प्रतिकूल आला तर नव्या कथेला काही आठवड्यांतच गाशा गुंडाळावा लागतो. लेखकाला दर सप्ताहाला सुमारे १९ पाने द्यावी लागतात, चित्रकाराला ती पूर्ण करावी लागतात, आणि अंक कोणासाठी थांबत नाही. या तगाद्यात जो गुण सर्वांत लवकर वाढीस लागतो तो प्रकरणाच्या शेवटच्या पानावर वाचकाला अडकवून ठेवण्याचा. आणि जो गुण सर्वांत कमी जोपासला जातो तो, अडकवलेल्या वाचकाला सन्मानाने मोकळे करण्याचा. पहिल्या गुणाची परीक्षा दर आठवड्याला होते. दुसऱ्याची एकदाच होते, तीही मतपत्रिकांचा उपयोग संपल्यावर.

म्हणून घाईच्या शेवटाचा दोष केवळ लेखकाच्या प्रतिभेवर लादणे मला न्याय्य वाटत नाही. या कथेचे जे दूरचित्रवाणीवर झाले त्यावरून तर हे गणितानेच दिसते. २०१९ मधील पहिल्या पर्वात १२ भागांत पहिली ३७ प्रकरणे आली, म्हणजे एका भागास सुमारे तीन प्रकरणे, आणि ते पर्व जगभर वाखाणले गेले. २०२१ च्या दुसऱ्या पर्वात उरलेल्या १४४ प्रकरणांचा निकाल ११ भागांत लावला गेला, म्हणजे एका भागास तेरा. साहजिकच गोल्डी पाँडचे संपूर्ण प्रकरण, जेथे मुले प्रथमच पळण्याऐवजी लढावयास उभी राहतात, मुळातूनच वगळले गेले, आणि राक्षसांच्या जगाचे पुढे काय झाले हे अखेरच्या भागात स्थिरचित्रांच्या एका मालिकेने सांगून टाकले गेले. तीच कथा, तीच पात्रे, तोच चित्रसंच. फरक फक्त दिलेल्या अवकाशाचा. एखाद्या न्यायालयाने साक्षीपुरावे न ऐकता निकालपत्र तेवढे वाचून दाखवावे तसा तो शेवट झाला, आणि निकाल बरोबर असूनही पक्षकारांचे समाधान झाले नाही.

हप्त्याहप्त्याने कथा सांगण्याचा व्यवहार मराठीला नवा नाही, आणि त्यातील संकटेही नवी नाहीत. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक स्वतः काढले आणि त्यातून १८९० ते १८९३ या काळात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः लिहून पूर्ण केली. तेथे लेखक आणि संपादक एकच होता. मुदतवाढ मागायची तर स्वतःपाशीच मागायची होती. तिच्या नायिकेची, यमूची, कहाणी जितकी पाने मागते तितकी तिला मिळाली, यात हरिभाऊंच्या करुणेइतकाच त्यांच्या या स्वामित्वाचाही वाटा आहे, असे मी समजतो. तथापि ‘गणपतराव’ आणि ‘कर्मयोग’ या त्यांच्याच कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. आणि रहस्यकथेपुरते बोलायचे तर इंग्रजीतील चार्ल्स डिकन्सचे उदाहरण सर्वांत करुण: ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ बारा मासिक हप्त्यांत पुरे व्हायचे होते, ९ जून १८७० रोजी डिकन्सचा मृत्यू झाला तेव्हा सहाच हप्त्यांपुरता मजकूर हाती होता, आणि त्या कथेतला खुनी कोण यावर तेव्हापासून आजतागायत वाद चालू आहे. अपूर्ण राहिलेल्या रहस्यावर वाचक दीडशे वर्षे प्रेम करतो. उरकून टाकलेल्या रहस्याला तो तसे प्रेम देत नाही.

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत जवळचा प्रसंग दूरचित्रवाणीवरच घडला. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २२ फेब्रुवारी २०१६ पासून, म्हणजे ‘नेव्हरलँड’च्या जन्मसालीच, झी मराठीवर सुरू झाली. सिंधुदुर्गातील आकेरी गावी तिचे चित्रण झाले. नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू, त्या निमित्ताने एकत्र आलेली भावंडे, वाटण्यांचा प्रश्न, आणि काहीतरी सांगायचे असूनही आयत्या वेळी विसरणारा पांडू, या सामग्रीवर महाराष्ट्रातील घरोघरी रात्रीची जेवणे लांबली. जामुल-भिलाईच्या मराठी घरांनाही मालवणी बोली त्या मालिकेनेच प्रथम कानी घातली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पहिले पर्व आवरले गेले तेव्हा अनेक प्रेक्षक खट्टू झाले, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे: महिनोन्‌महिने ज्या सावल्या, चाहुली आणि खुणा जमवल्या त्यांचा जमाखर्च अखेरच्या थोड्या भागांत मांडता येण्यासारखा नव्हता. दैनंदिन मालिकेला तर साप्ताहिकाइतकीही उसंत नसते. परंतु पुढे जे झाले ते मोठे उद्बोधक आहे. जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते कथेला पुढे न नेता मागे, अण्णांच्या हयातीत घेऊन गेले, आणि अण्णा नाईक व शेवंता ही नावे मराठी घरांत आप्तेष्टांसारखी उच्चारली जाऊ लागली. त्या पर्वात अण्णांचा मृत्यू अटळ आहे हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक होते, आणि शेवट ठाऊक असल्याने मधल्या वाटेवर रेंगाळण्याची मुभा लेखकाला मिळाली.

हेच तत्त्व एका महान लेखकाने किती अल्प जागेत सिद्ध केले आहे, हे पाहण्यासाठी जामुलहून फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या दिशेने निघाले की दुर्गच्या पुढे राजनांदगाव लागते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून १९६४ मधील अखेरच्या आजारापर्यंत हिंदीचे अध्यापक होते. घरी मराठी, लेखणीत हिंदी, आणि धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील मान्यवर कवी. तलावाकाठच्या त्या जुन्या राजवाड्यातील त्यांच्या निवासातला चक्राकार जिना आजही लोक आवर्जून पाहायला जातात. मुक्तिबोधांच्या ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेचा आरंभच आठव्या मजल्यावरून जिने उतरत येणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याने होतो. म्हणजे सुटका आधी सांगितली, बंदिवास नंतर. काशीला ज्ञानाच्या शोधात आलेल्या या मुलाला एका निर्मनुष्य, भव्य प्रासादात गुरू भेटतो. अट एकच, बारा वर्षे बाहेर पाऊल टाकायचे नाही. विद्या पूर्ण होते. शेवटच्या दिवशी पानावर खिचडी वाढलेली आहे, तूप आणायचे राहिले आहे, शिष्य उठू लागतो. गुरू त्याला बसवतो आणि स्वतः न उठता हात पुढे करतो. तो हात लांबत जातो, लांबत जातो, दालन ओलांडून स्वयंपाकघरात पोचतो आणि तुपाचे भांडे घेऊन परततो.

एवढेच. गुरू ब्रह्मराक्षस आहे, योग्य शिष्य न मिळाल्याने त्याचा आत्मा अडकला होता, आणि आता ते ऋण शिष्याच्या माथी आहे, हे यानंतर थोडक्यात कळते. पानांची मोजदाद केली तर हाही शेवट अल्पच आहे. पण त्याला घाईचा म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही, कारण निर्मनुष्य घर, बारा वर्षांची अट, गुरूचे न उलगडणारे ममत्व, या सर्वांनी त्या हातासाठी आधीच जागा करून ठेवलेली आहे. शेवटाची लांबी आणि शेवटाची घाई या भिन्न गोष्टी आहेत. वाचकाला जे प्रश्न विचारायला लावले, त्यांच्याच उत्तरांनी कथा संपली तर अर्धे पानही पुरते. आणि अखेरच्या टप्प्यावर नवी देवता, नवा करार, नवे जग आणावे लागले, तर शंभर पाने दिली तरी ती अपुरी ठरतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठीत भयकथा-गूढकथेचा जो मजबूत वाचकवर्ग घडवला त्याचेही एक कारण मला येथे दिसते: मतकरींची गूढकथा बहुधा एका बैठकीत वाचून होणारी, धारपांची कादंबरी अखंड पुस्तकरूपाने हाती येणारी, दोघांनाही शेवट डोळ्यांसमोर ठेवून आरंभ लिहिण्याची सवलत होती. रहस्य जितके अद्भुत, तितकी ही सवलत अधिक मोलाची.

साप्ताहिकाच्या चाकाखाली सापडलेल्या कथेला पुन्हा उभे करता येते का? येते, आणि त्याचा एक उत्तम दाखला त्याच ‘जंप’च्या इतिहासात आहे. हिरोयुकी ताकेई यांची ‘शामान किंग’ ही प्रेतात्म्यांशी सख्य जोडणाऱ्या मुलाची मांगा १९९८ मध्ये सुरू होऊन २००४ मध्ये, ऐन निर्णायक युद्धाच्या तोंडावर, खंडित झाली. वाचकांनी तिचा पाठपुरावा सोडला नाही. पुढे संपूर्ण आवृत्ती निघाली तेव्हा ताकेईंनी राहिलेला शेवट नव्याने रेखाटून २००९ मध्ये ती पूर्ण केली, आणि २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवर तीच कथा पुन्हा आली ती या पूर्ण शेवटासह. पाच वर्षांच्या विलंबाने का होईना, हुंडी वटली. या पाच वर्षांत ना वाचकांचा कौल मोजला जात होता, ना सोमवारचा अंक दाराशी उभा होता.

‘नेव्हरलँड’च्या वाट्याला अशी दुसरी संधी अद्याप आलेली नाही, तिचे वीस खंड जसे संपले तसेच आहेत. तरीही ती कोणी माझ्याकडे मागितली तर मी आनंदाने देतो, आणि देताना इतके सांगतो की पहिली ३७ प्रकरणे एका दमात वाचावीत, गोल्डी पाँडपाशी पुन्हा तोच जोम भेटेल, आणि शेवटच्या खंडात एम्मा त्या म्हाताऱ्याच्या घरी राहू लागते तेथे पुस्तक काही दिवस बाजूला ठेवून मगच पुढचे पान उलटावे. ती दोन वर्षे लेखकाला पानावर देता आली नाहीत. माझ्या भाच्याने ती आपल्यापुरती मिळवली आहेत. तो म्हणतो, दुसऱ्या वाचनात त्याने तेथे दिवाळीच्या सुटीपर्यंत मुक्काम केला, आणि मग पुनर्भेटीचे ते प्रकरण त्याला पहिल्या वेळेहून फार वेगळे लागले.